पंचनाम्यात पोरांचा रकाना

१६ मे २०२१ चा रविवार सिंधुदुर्गातला बागायतदार आणि मच्छीमार विसरलेला नाही. तौक्ते चक्रीवादळ खरे म्हणजे आपल्या किनाऱ्यावर चढलेच नाही. ते समुद्रातूनच गोव्याकडून उत्तरेला सरकले आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातेत ऊना-दीवच्या बाजूला जमिनीवर गेले. म्हणजे आपल्याला लागला तो त्याचा नुसता पदर! पण तेवढ्या पदराने देवबाग, तारकर्ली, वायरी, दांडी, सर्जेकोट, तळाशीलपासून थेट आचऱ्याच्या पुढे देवगडपर्यंत माड, आंबे, काजू, फणस आडवे केले, घरांचे नळे आणि पत्रे उडवले, विजेचे खांब मोडले. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या नौका बुडाल्या आणि त्यात खलाशांचे जीव गेले. मालवण तालुक्यातल्या कित्येक वाड्या त्यानंतर दिवसेंदिवस अंधारात होत्या. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. ज्या घरातला रहाट मोडीत निघाला होता त्या घरातल्या बायकांनी आणि पोरांनी शेजारच्या बावीवरून कळशा वाहिल्या. महावितरणची माणसे बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन खांब उभे करीत होती, आणि ती येण्याआधी गावातल्या पोरांनीच कोयते, कुऱ्हाडी, करवती घेऊन रस्ते मोकळे केले होते. त्या पोरांची पाठ थोपटायला हवी होती. कुणी थोपटली की नाही, देव जाणे.

मग पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक अशी मंडळी वाडी-वाडी फिरली. आता त्यांची पदनामे बदलली आहेत. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. वाडीत मात्र ते तलाठीभाऊ आणि ग्रामसेवकच राहणार, आणि या लेखात आम्हीही त्यांना तसेच म्हणणार आहोत. शासनाने त्या वेळी आदल्या वर्षीच्या निसर्ग वादळाचे वाढीव दर तौक्तेलाही लावले आणि सुमारे २५२ कोटी रुपयांची मदत मंजूर केली. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, थोडे पडलेल्या घराला १५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत, फळबागेला हेक्टरी ५० हजार, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. माडामागे २५० रुपये, पोफळीमागे ५० रुपये. पूर्ण नष्ट झालेल्या होडीला २५ हजार, दुरुस्तीला १० हजार, जाळ्यांना ५ हजार. कपड्यांना पाच हजार, भांड्यांना पाच हजार. हे दर पुरेसे होते की अपुरे, यावर तेव्हा भरपूर बोलून झाले आहे आणि यापुढेही बोलावे लागेल. आज आम्हाला वेगळे सांगायचे आहे. ती सगळी यादी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. त्यात माड आहे, पोफळ आहे, होडी आहे, टोप आणि तपेली आहे. पोर कुठे आहे? वादळात मूल मेले तर त्याची नोंद होते, चार लाखांची मदतही मिळते. मूल वाचले तर मात्र ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याचे दप्तर भिजले, वह्या वाहून गेल्या, त्यालाही वेगळे शीर्षक नाही. आणि रात्री घराचा वासा कडाडला तेव्हा त्याच्या छातीत जे काही झाले, त्याचा पंचनामा कोण करणार?

यावर कुणी म्हणेल, पोरांचे काय, ती चार दिवसांत विसरतात. पोरे खेळतात, हसतात, पडलेल्या माडाच्या खोडावर घोडा-घोडा करतात. त्यामुळे मोठ्यांना वाटते, सुटलो. यात थोडे तथ्य आहे, ते आधीच सांगतो. बहुतेक मुले आईबाप जवळ असले, पोटात अन्न आणि डोक्यावर छप्पर असले, तर काही आठवड्यांत आपसूक सावरतात. अशा प्रसंगांत काम केलेल्या जाणत्या मंडळींचाही अनुभव हाच आहे. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळी’ नव्हेत. आणि सावरेपर्यंतचे ते आठवडे मुलासाठी लहान नसतात.

वाडीत जरा कान देऊन ऐकले तर आया आपापसांत बोलताना सापडतात. ‘‘वारो सुटलो की पोर पदराक धरता, सोडूक तयार नाय.’’ पाच वर्षांचे मूल, जे दोन वर्षे कोरडे झोपत होते, ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते. तिसरी-चौथीतला मुलगा पोटात दुखते म्हणतो, डोके दुखते म्हणतो, डॉक्टर तपासतात तर काही सापडत नाही. कुणाला एकटे न्हाणीत जायची भीती वाटते, कुणी रात्री दचकून उठून छपराकडे बघत बसते. काही मुले तर खेळसुद्धा वादळाचाच खेळतात. करवंटीची होडी करायची, ती बुडवायची, पुन्हा करायची, पुन्हा बुडवायची. आज्जी ओरडते, ‘‘अशुभ खेळू नकात!’’ आज्जीचा जीवही भ्यालेलाच असतो, तिला दोष नको. पण तो खेळ थांबवू नये. मोठा माणूस जसा चार जणांना तीच हकिगत चारदा सांगून मोकळा होतो, तसे मूल खेळून मोकळे होते. चौदा-पंधरा वर्षांची पोरे मात्र रडत नाहीत, खेळतही नाहीत. ती गप्प होतात किंवा चिडचिड करतात, उद्धट बोलतात, भर उधाणात होडी काढू बघतात. घरचे म्हणतात, शेफारला. तो शेफारलेला नसतो, घाबरलेला असतो. ते त्याला कुणाजवळ कबूल करता येत नाही एवढेच.

यावर उपाय काय? पहिला उपाय घरातलाच आणि फुकटचा. मुलाला जवळ घ्या, रात्री आईबापांच्या कुशीत झोपायचे म्हणाले तर झोपू द्या, त्यात ते लाडावत नाही. काय झाले ते त्याला समजेल अशा भाषेत खरे सांगा. ‘‘काही झालं नाही, झोप’’ हे सांगू नका. काही झाले आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आपण खोटे बोलतो हेही त्याला कळते. वादळ होते, ते गेले, पुन्हा वारा सुटला तर आपण सगळे मिळून शाळेत नाहीतर अमक्याच्या पक्क्या घरात जाणार आहोत, एवढे सांगितले तरी पुष्कळ होते. मुलाने स्वतः बोलायला सुरुवात केली तर ऐका. नसेल बोलत तर खणून काढू नका. पाहुणा आला की ‘‘सांग रे बाबू, तू कसा भिललंस ता’’ असे चारचौघांत वदवून घेणे तर अगदी वाईट. दिवसाची घडी जमेल तितकी लवकर पूर्वीसारखी बसवा. न्हाणे, जेवण, देवापुढे दिवा, शुभंकरोती, झोप, सगळे ठरल्या वेळी. घर अर्धे उघडे असले तरी तुळशीपुढे दिवा लागला की मुलाला आतून कळते की आपले घर अजून आपलेच आहे. टीव्हीवर आणि मोबाईलवर तीच पडझड दिवसभर दाखवत बसू नका. लहान मुलाला ते पुन्हा पुन्हा नवे वादळ वाटते. आणि त्याला काहीतरी काम द्या. नळे वेचू दे, पडलेले नारळ मोजू दे. ज्याच्या हाताला काम आहे त्याची भीती लवकर उतरते, हे काय फक्त मोठ्यांनाच लागू आहे? मात्र तुटलेल्या तारांजवळ, उभ्या-आडव्या झालेल्या झाडांखाली आणि गढूळ विहिरीवर त्याला पाठवू नका.

कुणी नजर काढतील, कुणी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतील. घालावे. आम्हाला त्यात वावगे काही दिसत नाही. सगळा गाव देवळात एकत्र उभा राहतो, आपल्या पोराबाळांचे नाव घेऊन सुखरूप ठेव म्हणतो, त्याने त्या मुलालाही धीरच येतो. फक्त गाऱ्हाणे घातले म्हणून पुढचे करायचे राहिले असे होऊ नये. महिना उलटला तरी झोप नाही, खाणे नाही, शाळेचे नाव काढले की थरथर, असे असेल तर मुलाला आरोग्य केंद्रात दाखवा आणि तिथून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा दूरध्वनी आहे, पैसे पडत नाहीत. मानसोपचार म्हटले की ‘‘आमचं पोर काय वेडं नाय’’ हे उत्तर अजून आपल्याकडे तोंडावर येते. हाड मोडले तर आपण ते बांधून घेतो ना? मग हेही तसेच समजा.

तौक्तेची एक गोष्ट मात्र इतर वादळांपेक्षा वाईट होती. ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत आले. शाळा मार्च २०२० पासून बहुतेक काळ बंदच होत्या. म्हणजे वादळानंतर शाळेत जावे, बाईंनी-गुरुजींनी जवळ बसवावे, बाकावर शेजारच्याला ‘‘तुमच्या घराचे किती नळे गेले?’’ विचारावे, ही वाटच मुलांना नव्हती. शिक्षण होते ते मोबाईलवर, आणि मोबाईलला ना चार्जिंग ना रेंज. मुंबईचे चाकरमानी एरवी मे महिन्यात घर भरून टाकतात, ते आले नाहीत. चुलत-मावस भावंडांची ती मे महिन्याची पलटण मुलांना केवढा आधार असते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दहावीची परीक्षा एप्रिलमध्येच रद्द झाली होती. बारावीची मुले तर वादळाच्या दिवशीही परीक्षा होणार की नाही या टांगणीवर होती. ती रद्द झाल्याचे त्यांना जूनमध्ये कळले. अंधारात, मेणबत्तीवर, होईल की नाही माहीत नसलेल्या परीक्षेचा अभ्यास! त्या पिढीतली मुले आज कामधंद्याला लागली आहेत. त्यांच्या त्या दोन वर्षांचा हिशेब कुणी मागितलाही नाही.

आता पैशाचे बघू. पोराचे सावरणे घराच्या मिळकतीपासून वेगळे करता येत नाही. माडामागे २५० रुपये मिळाले. बाणवली माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात, संकरित माड थोडे लवकर येतात. म्हणजे पडलेल्या माडाच्या जागी ज्या दिवशी नवा रोप लावला त्या दिवशी पहिलीत असलेले मूल त्या माडाचा पहिला नारळ बघेल तेव्हा आठवीत गेलेले असेल. तोवर त्याच्या वह्या, गणवेश, एसटीचा पास कशातून यायचा? कलमांचेही तेच. हापूसचे कलम पाच-सहा वर्षांनी फळाला येते, पण घर चालेल असे पीक द्यायला त्याला दहा-बारा वर्षे लागतात. आणि मच्छीमाराचा हिशेब तर आणखी आखूड. वादळ आले १६ मे ला. त्या वर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पावसाळी बंदी होती. हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस, ज्यात पावसाळ्याची बेगमी व्हायची, तेच गेले, आणि पुढचे दोन महिने होडी किनाऱ्यावर. रापणीवर जगणाऱ्या घरात जाळे फाटले म्हणजे फक्त एका घराचे नव्हे, रापणीत वाटा असलेल्या सगळ्याच घरांचे ताट रिकामे होते.

अशा वेळी घरात काय चालते ते मुलांना सगळे ऐकू येते. सावकाराकडे की पतपेढीत, बायकोच्या गळ्यातले ठेवायचे की नाही, ही बोलणी रात्री मुले झोपली असे समजून होतात. मुले झोपलेली नसतात. बाप संध्याकाळी घरी येतो तो पिऊन येतो, हेही त्यांना दिसते. मग एक दिवस दहावी झालेला मुलगा म्हणतो, मी गोव्याला हॉटेलात जातो. किंवा तो होडीवर जातो. दोन-चार महिन्यांसाठी म्हणून जातो आणि परत शाळेत येत नाही. मुलगी असेल तर तिला कुणी काढत नाही, ती आपोआपच घरात अडकते. आई मोलमजुरीला गेली की धाकट्यांना बघायला कोण? ही गळती कुठल्याही नुकसानीच्या आकड्यात येत नाही, पण वादळाने आपल्याकडून घेतलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. माड पुन्हा लागतो.

बागायतदारांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पडलेल्या माडांची खोडे बागेत कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा नेमका अशाच कुजक्या खोडांत आणि शेणखाताच्या ढिगात वाढतो, आणि वाचलेल्या माडांच्या सुईत शिरतो. वादळाने दहा माड नेले आणि आपल्या आळसाने भुंग्याने आणखी पाच नेले, असे नको. ज्या आंब्याच्या फांद्या पिळवटून मोडल्या त्या नीट कापून जखमेला बोर्डो पेस्ट लावा. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याचे नारळ संशोधन केंद्र आपल्यासाठीच आहेत. रोपे कुठली घ्यावी ते त्यांना विचारून घ्या, दारात टेम्पो घेऊन येणाऱ्याकडून नको. आणि नव्या माडांना फळ धरेपर्यंत त्या जागेत केळी, मसाल्याची झाडे, भाजीपाला काहीतरी चालू ठेवा, म्हणजे मुलांच्या शाळेचा खर्च तरी सुटतो.

मदत मिळण्यातला आपल्याकडचा खरा अडसर सामाईक सातबारा हा आहे. बाग राखतो एक भाऊ, सातबाऱ्यावर नावे वीस. त्यातली निम्मी माणसे मुंबईत, दोन परदेशात, तीन देवाघरी. मदत हवी तर संमतीपत्र आणा. वादळात छप्पर उडालेल्या माणसाने संमतीपत्रांसाठी दादर-लालबागच्या चाळी फिरायच्या काय? घरही बहुधा आजोबांच्या नावावर. त्यातही नवरा वारलेली बाई दोन पोरे घेऊन त्या घरात राहत असेल तर तिचे नाव कशावरच नसते, आणि भावकीतला कुणीतरी नेमका त्याच वेळी हक्क सांगायला उभा राहतो. आमचे तलाठीभाऊंना सांगणे आहे की वारस नोंदी वादळाआधी पूर्ण करून घ्या. आणि चाकरमानी बंधूंना सांगणे आहे की गणपतीला गावी याल तेव्हा आरत्या झाल्यावर एक दिवस तलाठी कार्यालयात जा. कसणाऱ्या भावाला आगाऊ संमती लिहून द्या. त्याने तुमचा हिस्सा जात नाही, त्याच्या पोरांचे शिक्षण मात्र वाचते.

याहून कठीण गोष्ट समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसाची. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले तेव्हा आपल्या कोकणच्या नौका समुद्रात होत्या, आणि कित्येक घरांचे कर्ते परतले नाहीत. मृतदेह सापडला नाही तर कायद्याने माणूस मेला असे मानायला साधारण सात वर्षे जातात. सात वर्षे ती बाई कुंकू लावावे की पुसावे या विचारात, आणि पोरे रोज बंदरावर डोळे लावून. बँकेतले पैसे अडकलेले, विम्याचे अडकलेले. उत्तराखंडात २०१३ च्या महापुरानंतर सरकारने बेपत्ता माणसांना मृत धरून वारसांना मदत देण्याची वेगळी पद्धत काढली होती. तिथे काढता आली तर समुद्रात गेलेल्यांसाठीही दरवेळी ती विनाविलंब काढता यायला हवी. त्यासाठी मच्छीमार सोसायट्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवावा. आणि अशा घरातल्या मुलांना ‘‘बाबा येतील हां’’ म्हणून वर्षानुवर्षे झुलवत ठेवू नये. काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, ते दोन्ही त्यांना सांगावे. त्यांना ते पेलते.

एक पालक गेलेल्या किंवा संकटात सापडलेल्या मुलांसाठी शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा २२५० रुपये मुलाच्या नावाने मिळतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि बाल कल्याण समिती मंजुरी देते. किनाऱ्यावरच्या किती घरांना हे माहीत आहे? ग्रामसेवकांनी आपल्या फळ्यावर घरपट्टीच्या नोटिसांशेजारी ही माहितीही लावावी. मुलावर कुणी अत्याचार करीत असेल, त्याला कामाला जुंपले असेल, ते हरवले असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे.

आपल्या राज्याला हा विषय नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. ते काम मोठेच होते. पण सगळ्या आपत्तींना तो एकच उपाय लागू पडत नाही. आपल्याकडे वादळात घरे मोडतात, पण माणसे बहुतेक असतात. आजी असते, काकी असते, वाडी असते. अशा मुलाला उचलून लांबच्या वसतिगृहात ठेवणे म्हणजे वादळाने जे तोडले नाही ते आपण तोडणे होय. ओरिसात १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांनी त्यानंतर गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना शिकवून मनाला आधार देण्याचे काम उभे केले. पुढे गुजरातच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत तीच रीत वापरली. डॉक्टर प्रत्येक वाडीत पोहोचू शकत नाही, पण अंगणवाडीताई प्रत्येक वाडीत आहे. त्याच ओरिसाने किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले. त्यांतले कित्येक एरवी शाळा म्हणून वापरात असतात, त्यामुळे मुलांना ती इमारत ओळखीची असते आणि वादळाच्या रात्री परकी वाटत नाही. २०१३ ला फायलिन आले तेव्हा तिथे मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

आणि वादळे आता आपल्याकडे येत नाहीत या भ्रमात राहू नये. अरबी समुद्र शांत, बंगालचा उपसागर खवळलेला, हे आपण शाळेत शिकलो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. फयान, २०१९ चे क्यार, २०२० चे निसर्ग, २०२१ चे तौक्ते, ही नावे आपल्या पोरांना पाढ्यासारखी पाठ झाली आहेत. देवबागच्या मुलाचा विचार करा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे चिंचोळी जमीन आणि एकच रस्ता. उधाणाची भरती आली की ते मूल कुठल्या बाजूला बघत असेल?

म्हणून गावाने आधीच करून ठेवण्याच्या दोन-तीन गोष्टी. १ मे च्या ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वीचा विषय निघतोच; गटारे आणि धोकादायक झाडे यांच्यानंतर एक विषय मुलांचा घ्या. अंगणवाडीताईकडे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंदवही आहे, शाळेत जनरल रजिस्टर आहे, आशाताईला घरोघरची माहिती आहे. या तिघींनी अर्धा दिवस एकत्र बसले तर वादळाच्या रात्री कुठल्या मुलाला कोणी उचलायचे याची यादी होते. अपंग मूल कोणाकडे आहे, तान्हे कुठे आहे, आई बाळंतीण कुठे आहे, कुणाचा बाप समुद्रात आहे. या यादीला शासनाचा एक पैसा लागत नाही. आणि या यादीत आंब्याच्या बागेत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलेही घाला. ती ना आपल्या मतदार यादीत, ना रेशनकार्डावर, आणि त्यांची खोपटी वाऱ्याला सगळ्यांत आधी उडतात. आपल्या बागा राखणाऱ्या माणसाची पोरे आपणच राखली पाहिजेत.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. तो खर्च वर्षअखेरीला घाईघाईने कशावर तरी होतो, हे सरपंचांना आणि आम्हाला, दोघांनाही माहीत आहे. त्यातून वह्या-पेन्सिलींचे संच, दोन सौर कंदील, एक चेंडू, कॅरम, रंगपेट्या, ताडपत्री घेऊन एका पेटीत शाळेत ठेवा. कॅरम कशाला, असे कुणी हसत विचारील. वादळानंतर शाळेत चाळीस माणसे दाटीवाटीने राहत असताना दहा मुलांना दुपारभर एका कोपऱ्यात गुंतवून ठेवून बघा, म्हणजे कळेल.

वादळ झाल्यावर दुरुस्तीच्या क्रमात रस्ता आणि वीज यांच्या जोडीला शाळा आणि अंगणवाडी धरा, त्यांच्यामागे नव्हे. शाळा निवारा म्हणून वापरली जात असेल तर देवळाच्या सभामंडपात, नाहीतर पडवीत वर्ग भरवा. दोन तास भरवा, गाणी म्हणा, पण भरवा. गुरुजींनी पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक उघडण्याची घाई करू नये. चित्रे काढू द्या. आमच्या पाहण्यातल्या एका मुलाने लागोपाठ आठ दिवस काळ्या रंगाने नुसते आकाश काढले, नवव्या दिवशी त्यात एक माड काढला. बाईंनी त्याला एकदाही विचारले नाही की हे काळे काय आहे. कोण गैरहजर आहे ते मात्र गुरुजींनी रोज बघावे, आणि सलग तीन दिवस जो आला नाही त्याच्या घरी जावे. गोव्याच्या वाटेला लागलेले मूल परत आणायचे तर ते पहिल्याच आठवड्यात आणता येते, नंतर नाही.

आणि आई-बापांकडेही कुणीतरी बघा. ज्या घरातला बाप महिनाभर कुणाशी बोलत नाही, त्या घरी सरपंचांनी स्वतः जाऊन एक चहा घ्यावा. पोलीसपाटलांनी वादळानंतरच्या महिन्यात गावठीच्या भट्ट्यांकडे नेहमीपेक्षा अंमळ जास्त लक्ष द्यावे.

समुद्राला भ्यालेल्या मुलाला समुद्रापासून कायमचे दूर ठेवता येत नाही, आणि ठेवू नये. त्याचे घर तिथेच आहे. पण त्याला ओढत नेऊ नका. आधी लांबून, मग वाळूपर्यंत, मग पायाला पाणी लागेल इतके. त्याचा हात आपल्या हातात असू द्या, आणि तो म्हणेल तेव्हा परत फिरा. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सारा गाव लोटतो. तिथे नारळ त्याच्या हातून सोडा, आणि पुढच्या वादळात आपण कुठे जायचे आहे ते त्याला परतीच्या वाटेवर दाखवून ठेवा.